रजा नावाचे औषध

आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरकडे औषधाखालोखाल मागणी कशाला असेल, तर ती सर्टिफिकेटला. लग्नसराई आली, निवडणुकीचे काम लागले, सुगी सुरू झाली, की दवाखान्याच्या बाकावर ठणठणीत माणसे येऊन बसतात. ‘डॉक्टर, आठ दिवसांचे सिकचे सर्टिफिकेट पाहिजे.’ आपल्याला काय झाले आहे हेही डॉक्टरांनीच शोधून काढावे, अशी त्यांची अपेक्षा असते! या मंडळींना नाही म्हणण्यात माझी बरीच शक्ती खर्च होते. परंतु आजचा लेख त्यांच्याविषयी नाही. ज्यांना मी आपण होऊन सर्टिफिकेट लिहून देतो आणि जे ते घडी करून खिशात ठेवतात, पण कार्यालयात काही देत नाहीत, अशांविषयी आज लिहायचे आहे.

दोन उदाहरणे सांगतो. माणसे ओळखू येऊ नयेत एवढा फरक त्यांत केला आहे.

पहिले गृहस्थ महसूल खात्यात अव्वल कारकून. रक्तदाब सहा वर्षांपासूनचा. गोळी कधी घेतली, कधी राहिली. झोप चार-पाच तास. मी दर खेपेला म्हणायचो, ‘भाऊसाहेब, महिनाभर रजा घ्या, रक्तदाब नीट आटोक्यात आणू.’ उत्तर ठरलेले असे : ‘मार्चअखेर झाली की घेतो.’ मार्च संपला की पाणीटंचाई, टंचाई संपते तोच अतिवृष्टीचे पंचनामे, पंचनामे झाले की मतदार याद्या, आणि याद्या होईतो पुन्हा मार्च. त्यांच्या खात्यावर अर्जित रजा ३०० दिवसांची, म्हणजे नियमाने साठवता येते तेवढी पुरेपूर, शिल्लक होती आणि याचा त्यांना अभिमान होता. सेवानिवृत्तीला चौदा महिने उरले असताना एके दिवशी सकाळी दाढी करताना हातातून रेझर गळून पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव वाचला. साठवलेली रजा त्यानंतर वापरली गेली, ती सगळी अंथरुणात.

दुसरे एका माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक. वय ५२. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. माझ्याकडे आले तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए-वन-सी तपासणी १०.२ होती आणि रक्तदाब १७०/१०४. सकाळी साडेसातला शाळेत, संध्याकाळी सहाला घरी, नंतर रात्री यू-डायसची आणि इतर पोर्टलवरची माहिती भरणे. शिवाय पतसंस्थेचे संचालकपद, संघटनेचे तालुक्याचे पद आणि गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्षपद. मी दोन महिन्यांची रजा सुचवली. ‘शाळा कोण चालवणार?’ असे म्हणून ते हसले आणि गेले. पंधरा दिवसांनी, वेळ घेतलेली नसताना, रात्री दवाखाना बंद होता होता आले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘डॉक्टर, आज मी सातवीतल्या एका पोरावर हात टाकला. सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं. पोराची चूकही फार नव्हती.’ त्या रात्री त्यांनी सर्टिफिकेट घेतले आणि सकाळी खरोखरच दिले.

या दोघांत फरक एवढाच, की एकाच्या बाबतीत इशारा शरीराने अखेरपर्यंत दाबून ठेवला आणि दुसऱ्याच्या बाबतीत तो स्वभावातून बाहेर पडला. चिडचिड, विसराळूपणा, आवडीच्या कामाचा कंटाळा, समोरच्या माणसाविषयी तुसडेपणा ही लक्षणे आपल्याकडे स्वभावदोषात जमा होतात. ‘हल्ली सर फार तापट झालेत’ असे म्हणून लोक मोकळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये मंजूर केलेल्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात या अवस्थेची ‘बर्न-आउट’ या नावाने नोंद आहे. तिला रोग म्हटलेले नाही, नोकरी-कामातल्या दीर्घकाळच्या ताणातून येणारी अवस्था म्हटले आहे. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत : शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि हातून पूर्वीसारखे काम न होणे. आपल्या रोजच्या भाषेत ‘माणूस पिचला’ म्हणतात, ते हेच.

शरीरात काय होते ते थोडक्यात पाहू. मागे कुत्रा लागला की छाती धडधडते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते. पळण्यासाठी ते आवश्यकच आहे. हे काम मुख्यतः मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथींतील द्रव्ये करतात. कुत्रा गेला की सर्व पूर्ववत होते. पण कुत्रा वर्षानुवर्षे मागेच असेल तर? कॅनडातील संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. निरनिराळ्या प्रकारचा त्रास सतत दिलेल्या उंदरांत ॲड्रिनल ग्रंथी वाढलेल्या आणि जठरात व्रण पडलेले त्यांना आढळले. माणसाचे शरीर अधिक गुंतागुंतीचे असले तरी कायम ताणात राहणाऱ्याची साखर आणि रक्तदाब औषध देऊनही का हटत नाहीत, याचे एक कारण येथे आहे. कामाच्या तासांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे मांडलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. आमच्या मुख्याध्यापकांचे तास मी बोटांवर मोजले, ते सत्तरच्या घरात गेले.

मात्र थकवा आला की लगेच ‘ताण आहे, रजा घ्या’ म्हणणे हा आळशी डॉक्टरचा सल्ला होय. रजेआधी निदान हवे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ जीवनसत्त्व, लघवी आणि मूत्रपिंडाची तपासणी एवढे तरी करावेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळची कणकण, वजन उतरणे असेल तर थुंकी तपासली पाहिजे. रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराचा असू शकतो. त्याला सहा महिने रजा दिली तरी थकवा जाणार नाही. चढावर किंवा जिन्यात छाती भरून येत असेल तर आधी हृदय तपासावे. आमच्या सरांच्या बाबतीत बी-१२ बरेच कमी निघाले. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही चांगली गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने काहींच्यात ते कमी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. बी-१२ तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढा.

सतत दोन आठवडे उदास वाटणे, कशातच गोडी न राहणे, पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, ‘आपण संपलेले बरे’ असे विचार मनात येणे, हा नुसता थकवा समजू नये. ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि त्यावर औषध आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते.

आता रजा मिळाली, निदानही झाले. पुढे काय करायचे? बहुतेकांच्या मनात विश्रांती म्हणजे पडून राहणे. ही समजूत जुनी आहे आणि त्यात डॉक्टरांचाही दोष आहे. क्षयावर औषध नव्हते त्या काळी रोग्याला पाचगणी, मिरज अशा ठिकाणच्या सॅनिटोरियममध्ये महिनोन्‌महिने व्हरांड्यात निजवून ठेवीत. स्वच्छ हवा, दूध, अंडी आणि संपूर्ण विश्रांती. पुढे औषधे आल्यावर मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये एक फार महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारखीच औषधे सॅनिटोरियममधील रोग्यांना आणि मद्रासच्या गरीब वस्तीत दाटीवाटीने राहणाऱ्या, साधेच अन्न खाणाऱ्या रोग्यांना घरी दिली. वर्षाअखेर दोन्हीकडचे निष्कर्ष जवळपास सारखे आले. पुढे जगभर क्षयाचे उपचार घरून होऊ लागले, त्यात आपल्या देशातल्या या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. म्हणून ‘हवापालटाला महाबळेश्वरला जाण्याची ऐपत नाही’ असे म्हणणाऱ्यास मी सांगतो, की तेवढ्यासाठी आपली प्रकृती अडलेली नाही.

पडून राहण्याचे नुकसान तर मोजलेलेच आहे. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ साली विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. त्यांची श्रम करण्याची ताकद झपाट्याने घटली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वयाने त्यांची ताकद जेवढी कमी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती! शस्त्रक्रिया, हाड मोडणे, तीव्र ताप अशा वेळी पडून राहावे लागते, ते वेगळे. एरवी रजेवरच्या माणसाने दिवसा चालते-फिरते असावे आणि रात्री वेळेवर निजावे. दिवसभर कॉटवर मोबाईल पाहत लोळणे याला मी रजा म्हणत नाही.

स्त्रियांच्या रजेबद्दल वेगळे लिहावे लागते. बँकेत नोकरी करणाऱ्या एका भगिनीची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवडे रजा, जड उचलायचे नाही असे स्पष्ट सांगितलेले. चौथ्या आठवड्यात पोट दुखते म्हणून आल्या. चौकशी केली तर कळले, की ‘घरी आहेसच तर’ म्हणून उन्हाळ्याची कुरडई-पापडाची वाळवणे उरकली होती, ‘घरी आहेसच तर’ म्हणून नणंदेची दोन मुले सुट्टीला आली होती, आणि गव्हाचे पोते चाळून-निवडून डब्यात भरून झाले होते. यजमान बाहेर बाकावर बसले होते. त्यांना आत बोलावून मी जरा कडक शब्दांत बोललो. ते म्हणाले, ‘अहो, ती स्वतःच करते, ऐकत नाही.’ हेही अर्धे खरे असते. आपल्या जुन्या बायकांनी बाळंतिणीसाठी सव्वा महिन्याचा रिवाज घालून ठेवला होता. त्यातल्या धुरी-शेगडीचे मी समर्थन करणार नाही, पण ‘हिने आता काम करायचे नाही’ हे त्या रिवाजामुळे साऱ्या घराला बिनतक्रार मान्य असे. बाळंतपणाखेरीज इतर आजारांत बाईसाठी असा रिवाजच नाही. तेव्हा नोकरदार स्त्रीच्या रजेचे सर्टिफिकेट कार्यालयाला देताना त्याची एक प्रत घरातल्या मंडळींनाही वाचून दाखवावी, असे मी हल्ली सांगतो. शक्य असेल तर पहिले पंधरा दिवस माहेरी काढावेत.

मुख्याध्यापकांच्या दोन महिन्यांकडे वळू. पहिले आठ-दहा दिवस ते नुसते झोपले. शाळेतून दिवसाला दहा-बारा फोन येत. वहिनींनी फोन स्वतःकडे घेतला आणि संध्याकाळी पाच ते साडेपाच एवढीच वेळ ठेवली. चौथ्या दिवशी फोन तीनवर आले, दहाव्या दिवशी एकही आला नाही. याचे सरांना वाईट वाटले, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून मला वाचायला आणला. मी तो टेबलाच्या खणात ठेवला आणि म्हटले, ‘सर, दीड महिन्याने परत मागा, मी देईन.’ पिचलेल्या मनाने नोकरी सोडणे, जमीन विकणे, मुलाच्या लग्नाचे ठरवून टाकणे असे निर्णय करू नयेत. त्या वेळी प्रत्येक गोष्ट आहे त्याहून काळी दिसते. झोप आणि भूक जाग्यावर आल्यानंतरही तोच निर्णय योग्य वाटला, तर जरूर घ्यावा.

तिसऱ्या आठवड्यापासून चालणे सुरू केले. आधी पंधरा मिनिटे, महिनाअखेर चाळीस. साखर आणि रक्तदाब आठवड्याला एकदा तपासत होतो. येथे एक सूचना. रजेवर रक्तदाब उतरू लागला की ‘आता टेन्शन नाही’ म्हणून लोक गोळी सोडून देतात. मात्रा कमी करायची तर डॉक्टरांनी मोजमाप पाहून करावी. अव्वल कारकुनांचे उदाहरण वर दिलेच आहे.

महिना झाल्यावर मी त्यांना एका कागदावर आपली सगळी कामे लिहायला सांगितली आणि प्रत्येकापुढे, ते आपल्यावाचून अडते का आणि ते करताना आपल्याला बरे वाटते का, एवढेच लिहायचे. एकोणीस कामे निघाली. अडणारी सहाच. पण त्यांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या यादीत शिकवणे कोठेच नव्हते. गणिताचा उत्तम शिक्षक म्हणून नाव मिळवलेल्या या माणसाने चार वर्षांत सलग एक प्रकरणही वर्गात शिकवलेले नव्हते. परत जाताना त्यांनी पतसंस्था सोडली, संघटनेचे पद सोडले, पोर्टलचे काम लिपिक आणि एका तरुण शिक्षकावर सोपवले आणि नववीचा गणिताचा तास स्वतःकडे घेतला. मंडळाचे अध्यक्षपद मात्र सोडवेना. ते राहू द्या म्हटले. खणातला अर्ज त्यांनी मागितला नाही, तो अजून माझ्याकडे आहे.

रजा दोन महिनेच का, असे कोणी विचारील. याला काटेकोर शास्त्र नाही. माझ्या अनुभवात तीन आठवड्यांहून कमी रजेत माणूस जेमतेम झोप भरून काढतो, विचार करण्याइतका मोकळा होत नाही. आणि तीन-चार महिन्यांपुढे गेली की पुन्हा कामावर जायचीच धास्ती बसते, हाती पैसाही उरत नाही. परतल्यावर पहिले दोन आठवडे सायंकाळची व जादाची कामे घेऊ नयेत. साहेबांशी हे आधीच बोलून ठेवावे.

पैशाचे काय, हा खरा प्रश्न. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९८१ च्या रजा नियमांप्रमाणे दरवर्षी २० दिवसांची अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तीच दुप्पट खर्ची टाकून पूर्ण पगाराची परिवर्तित रजा मिळते. पुष्कळ शिक्षकांना आपल्या खात्यावर ही किती शिल्लक आहे हेच माहीत नसते. एकदा सेवापुस्तक उघडून पाहावे. राज्य कामगार विमा योजनेत असलेल्या कारखान्यांतील व खासगी आस्थापनांतील कामगारांना आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सुमारे ७० टक्के रक्कम मिळू शकते, आणि क्षय, कर्करोग अशा काही ठरावीक दीर्घ आजारांत त्याहून जास्त काळ.

आणि ज्याला रजाच नाही त्याने काय करावे? रिक्षावाला, भाजीवाली, किराणा दुकानदार, शेतमजूर यांना दोन महिने घरी बसा म्हणणारा डॉक्टर त्यांची थट्टा करतो. त्यांच्यासाठी माझ्याजवळ पुरेसे उत्तर नाही. दुकानदाराला मी आठवड्याची एक पूर्ण सुट्टी आणि दुपारी दोन तास फळी लावणे सुचवतो, गिऱ्हाईक तुटत नाही हे अनेकांनी करून पाहिले आहे. शेतकऱ्याने तपासण्या आणि लांबवलेल्या शस्त्रक्रिया पेरणीच्या तोंडावर न आणता कामे थंडावतात तेव्हा उरकाव्यात. रोज कमावून खाणाऱ्याच्या घरात आठ दिवस त्याच्या जागी कोण उभे राहील हे आजार येण्याआधी बोलून ठेवावे. यापलीकडे डॉक्टरच्या हाती फारसे काही नाही.

डॉक्टर स्वतः किती रजा घेतात, असे एका वाचकाने मागे पत्रातून खवचटपणे विचारले होते, त्याचेही उत्तर देऊन टाकतो. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मी आजारी पडलो आणि बरा होताच दवाखान्यात बसलो. रांग दाराबाहेर होती, घरी बसणे पटेना. चौथ्या दिवशी मी एका म्हातारबाबांना मधुमेहाची गोळी दुप्पट लिहिली. समोरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी परत पाठवली म्हणून निभावले. म्हातारबाबांच्या साखरेचे काय झाले असते, हे मला रात्रभर दिसत होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्याला तीन आठवडे कुलूप लावले आणि रुग्णांना शेजारच्या डॉक्टरांकडे पाठवले. तेव्हापासून रात्री साडेआठनंतर मी दवाखान्यात बसत नाही.

मुख्याध्यापक रजेनंतर पाचव्या महिन्यात तपासणीला आले तेव्हा एचबीए-वन-सी ७.४ आणि रक्तदाब १३४/८४ होता. गोळ्या चालूच आहेत. बरोबर शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला घेऊन आले होते. ‘डॉक्टर, याला रजेची गरज आहे आणि हा मागत नाही,’ म्हणाले. मुलगा दमलेला दिसत होता खरा. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरी फटक. हिमोग्लोबिन ७.८ निघाले. मूळव्याधीतून वर्षभर रक्त जात होते आणि लाजेने त्याने कोणाला सांगितले नव्हते. त्याला रजा चारच दिवसांची लागली.